कामाचे बूट शिवून घ्यायचेत: चामडं किती जाड आणि नंबर कोणता सांगायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूर तालुक्यात घरची हापूसची बाग आहे, शिवाय एका जांभ्याच्या चिरेखाणीवर देखरेखीचं काम करता. बाजारातला ८ नंबरचा बूट चवड्याला चावतो. ९ घेतला तर पुढे बोटभर जागा रिकामी राहते आणि टाच मागे सुटते. म्हणून कोल्हापूरकडच्या एका कारागिराकडून जोड शिवून घ्यायचं ठरवलंय. तो म्हणतो, ३ मिलिमीटर जाडीचं म्हशीचं चामडं घालतो, दहा वर्षं बघायला नको. त्याने तुमच्याकडे फक्त नंबर मागितलाय. तुम्ही विचारताय की जाडी बरोबर आहे का, आणि ८ सांगू की ९.

मी चिपळुणात बूट शिवतो. काम शिकलो मुंबईत, ठक्कर बाप्पा कॉलनीत. इथे येऊन वर्षं झाली, पण आजही माझ्याकडे नव्या जोडांपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त येतं. त्याचा फायदा असा की बूट कशाने मरतात हे रोज उघडून बघायला मिळतं. कोकणातला बूट वरचं चामडं झिजून जवळपास कधीच जात नाही. तो न वाळल्याने जातो. शिवण कुजते, टाचेतला पुठ्ठा लगदा होतो, आतलं अस्तर आंबतं, सोल सुटतो, आणि वरचं चामडं मात्र धडधाकट असतं. म्हणून जाडीचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवेन. इथे चामडं निवडायचं ते किती टिकतं यापेक्षा भिजल्यावर किती लवकर आणि किती बिनतक्रार वाळतं हे बघून. नंबराबद्दल सांगायचं तर ८ ही सांगू नका आणि ९ ही सांगू नका. तुमची अडचण लांबीची नाहीच, घेराची आहे.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

पहिली म्हणजे खाणीवर सुरक्षा बुटांची सक्ती आहे का. असेल तर तिथे आयएस १५२९८ या मानकाचा शिक्का असलेला बूटच लागतो. त्यातल्या सेफ्टी बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते की नाही हे प्रयोगशाळेत तपासलेलं असतं. कारागीर स्टीलची टोपी आणून बसवून देईल, मीही देतो, पण त्याने बूट प्रमाणित होत नाही. उद्या चिरा पायावर पडला तर त्या शिक्क्याला किंमत असते. सक्ती नसली तरी चिरे चढवण्या-उतरवण्याच्या जागी तुम्ही स्वतः उभे राहत असाल, तर त्या कामाला कारखान्याचा शिक्क्याचा बूट वापरा आणि शिवलेला जोड बाकी कामाला ठेवा.

दुसरी गोष्ट, पावसाळ्यात तुम्ही नेमके कुठे असता. भातात उतरत असाल तर चामड्याचा विषयच नको, तिथे गमबूटच हवा. दिवसभर पाण्यात राहून वाळेल असं चामडं नाही, आणि लेप्टोच्या दिवसांत पायावर ओला बूट घासून जखम होणं परवडणारं नाही. बागेत फवारणी करतानाही हेच. औषध चामड्यात मुरतं, आणि मुरलं की धुऊन जात नाही. मग तो बूट तुम्ही घाम आलेल्या पायात रोज घालणार. फवारणीला रबरी गमबूट आणि पँट बुटाच्या वरून बाहेर, आत खोचलेली नको, म्हणजे ओघळ आत जात नाही. एवढं नीट पाळलं तरच पुढचं सगळं उपयोगाचं.

आता चामडं. कोल्हापूरकडचा कारागीर म्हटल्यावर म्हशीचं चामडं आलंच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईंच्या तर आधीपासूनच होती. त्यामुळे इथलं स्थानिक कातडं बहुतेक म्हशीचं. गाईचं चामडं लागलं तर ते तमिळनाडूतून, म्हणजे आंबूर-राणीपेटकडून, किंवा कोलकात्याहून येतं. म्हशीच्या चामड्यात वाईट काही नाही, मी स्वतः भरपूर वापरतो. पण त्याचे तंतू गाईच्या चामड्यापेक्षा सैल विणीचे असतात, दाणा जाड असतो, ते पाणी जास्त पितं आणि ताणही जास्त देतं. त्यामुळे ३ मिलिमीटर म्हशीचं म्हणजे २ मिलिमीटर गाईच्या दीडपट मजबूत, असा हिशेब मांडू नका. तसं होत नाही. ३ मिलिमीटरचा बूट जुलैत एकदा आतून भिजला की इथल्या हवेत तीन-चार दिवस ओलाच राहील. तेवढ्या वेळात बुरशी धरते. शिवाय चवड्याशी वाकताना जाड चामड्याला मोठी घडी पडते, आणि ती घडी करंगळीच्या मुळाशी बरोबर रुतते. तुमचा चवडा रुंद आहे, म्हणजे पहिला त्रास तुम्हालाच.

मी तुमच्यासाठी केला असता तर २ ते २.२ मिलिमीटर घेतलं असतं. म्हशीचं घेतलं तर २.४ पर्यंत ठीक. त्याच्या वर नाही.

जाडीपेक्षा मोठा प्रश्न कमावणीचा आहे, आणि तो कारागिराला स्पष्ट विचारा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते उत्तम चामडं आहे, घट्ट, आकार धरणारं, घाम पिणारं. पण कोकणातला कोणीही माणूस कोल्हापुरी मिरगाच्या आधी माळ्यावर टाकतो, ते उगीच नाही. सालीत कमावलेलं चामडं वारंवार भिजलं की त्यातला कस पाण्याबरोबर थोडा थोडा निघून जातो, आणि वाळताना ते लाकडासारखं कडक होतं. ओलं असताना त्याला उष्णताही सोसत नाही, साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास ते आक्रसायला लागतं. चुलीच्या वैलाजवळ ठेवलेला बूट सकाळी एक नंबराने लहान झाला, अशी तक्रार घेऊन माणसं येतात, त्याचं कारण हे. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यापर्यंत तग धरतं, भिजून वाळल्यावर पुन्हा मऊ राहतं आणि तुलनेने लवकर वाळतं. म्हणून इथे बुटाचा वरचा भाग क्रोमचा, आणि त्यात तेल-मेण मुरवलेला असेल तर अधिक चांगला. बाजारात त्याला ऑइल पुल-अप म्हणतात. बोटाने मागून दाबलं की त्या जागी रंग फिका पडतो आणि सोडल्यावर परत येतो.

सालीतलं चामडं मात्र एका जागी हवंच, ते म्हणजे पायाखालच्या इनसोलला. तिथे ते घाम पितं आणि महिन्याभरात तुमच्या तळव्याचा ठसा घेतं. स्वस्त बुटात इनसोलला पुठ्ठा असतो. टाचेच्या मागची कडक वाटी, जिला आम्ही काउंटर म्हणतो, तीही पुष्कळदा पुठ्ठ्याची असते. २०२१ च्या जुलैत चिपळूण पुरात गेलं, त्यानंतर गाळातून काढलेले बूट माझ्याकडे ढिगाने आले. त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसली. पुठ्ठ्याचं काउंटर असलेले सगळे जोड टाचेत बसलेले, आतून हाताला पिठासारखा लगदा लागायचा. चामड्याचं काउंटर असलेले जोड धुऊन, सावलीत वाळवून, फर्म्यावर, म्हणजे बूट ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर ओढतात त्यावर, चढवले की आकारात आले. म्हणून कारागिराला वरच्या चामड्याबद्दल एक प्रश्न विचाराल तर आतल्या भागांबद्दल तीन विचारा: इनसोल कशाचा, काउंटर कशाचं, पुढच्या टोकात काय घातलंय. जाडीवर खुशीत बोलणारे कारागीर इथे जरा गप्प होतात.

चामडं प्रत्यक्ष बघायला मिळालं तर काय बघायचं? दाण्याची, म्हणजे गुळगुळीत, बाजू आत घेऊन दोन बोटांत घडी घाला. बारीक सुरकुत्या पडून सोडल्यावर गेल्या तर ते पाठीकडचं, घट्ट. मोठ्या सैल वळ्या पडल्या, वरचा थर आणि गाभा वेगवेगळे सरकल्यासारखे वाटले, तर ते पोटाकडचं. पोटाकडचं चामडं जिभेला, आतल्या पट्ट्यांना चालतं, पण चवड्यावरच्या भागाला अजिबात नको. मग कापलेली कड बघा. वर गुळगुळीत प्लास्टिकसारखा पातळ थर आणि खाली नुसते केसाळ तंतू दिसले, तर ते स्प्लिट आहे, म्हणजे जाड कातडं आडवं चिरून काढलेला खालचा थर, वर रंगाचा मुलामा. दिसायला निर्दोष असतं, कारण दोष झाकायलाच मुलामा असतो. जांभ्यावर तो पहिल्या महिन्यात सोलून निघतो. याउलट कातड्याचा खरा वरचा थर असलेल्या चामड्यावर गोचिडीचे डाग, काट्याचे ओरखडे, मानेच्या वळ्या दिसतात. त्या दिसल्या तर घाबरू नका. कामाच्या बुटाला त्याने काही फरक पडत नाही, उलट खात्री पटते.

तुमच्या खाणीचा विचार करून एक वेगळी सूचना. चामडं उलटं लावून घ्या, म्हणजे गुळगुळीत बाजू आत आणि खरखरीत मांसाची बाजू बाहेर. जांभा कानशीसारखा घासतो. गुळगुळीत बाजू बाहेर असली की पहिल्या आठवड्यात ओरखडे पडतात आणि नेमका चामड्याचा सगळ्यात मजबूत थर फाटायला लागतो. उलट्या बाजूवर ओरखडे दिसत नाहीत, झिजलं तर तंतू झिजतात आणि मजबूत थर पायाच्या बाजूला शाबूत राहतो. तोटा एवढाच की तांबडी धूळ त्यात बसते ती बसतेच. पण खाणीवर काळा बूट घेतला तरी पंधरवड्यात तांबडाच होतो, त्यामुळे रंगाचा आग्रह मी सोडून दिलाय. तपकिरी घ्या आणि विसरा. फक्त हे चामडं मेण मुरवलेलं हवं, कोरडं खरखरीत पाणी शोषून घेईल.

अस्तर. इथे माझं मत जरा कडक आहे. चवड्यावर अस्तर नको. स्पंजवालं, जाळीचं अस्तर दुकानात हाताला गुबगुबीत लागतं, पण ऑगस्टमध्ये तेच बुटातलं पाणी धरून ठेवतं. बिनअस्तराचा चवडा रात्री वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवला, तासाभराने ते बदलले, की दुसऱ्या दिवशी घालण्याजोगा होतो, निदान तिसऱ्या दिवशी तरी. टाचेला आणि घोट्याला पातळ बकरीच्या चामड्याचं अस्तर द्या, तिथे घर्षण असतं. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, भात्यासारखी घडीची करून घ्या. त्याने खडी आणि चिखल आत जात नाही, आणि बागेतल्या गवतात चालताना मुंग्याही.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बागेचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. घोट्याच्या वर जाणारा, साधारण ६ इंचाचा बूट पुरे. आपल्याकडे फुरशाची धास्ती खरी आहे, आणि दंश बहुतेक पावलाला-घोट्याला होतात. २ मिलिमीटरचं चामडं मध्ये असणं हे उघड्या पायापेक्षा कितीतरी बरं, हमी मात्र कोणी देऊ नये. काही जण १० इंची मागतात. एप्रिलच्या उकाड्यात, आंब्याची काढणी चालू असताना, तो बूट घरी खुंटीला राहतो आणि माणूस स्लिपर घालून बागेत जातो. घातला जाणारा ६ इंची न घातल्या जाणाऱ्या १० इंचीपेक्षा चांगला.

धातूचं आणि दोऱ्याचं पटकन सांगतो. लोखंडी खिळे नकोत, पितळी सांगा. समुद्राच्या हवेत लोखंड गंजतं हा एक भाग. दुसरं म्हणजे सालीत कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन, म्हणजे सालीचा कस, आणि लोखंड एकत्र आले की तिथे काळा डाग पडतो आणि त्या जागेचं चामडं ठिसूळ होतं. इनसोल उचलून बघितला की प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं. पितळी आयलेटभोवती, म्हणजे नाडीच्या भोकांतल्या कड्यांभोवती, हिरवट मेण जमेल, ते पुसलं की झालं. दोरा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा, मेण लावलेला. सुती दोरा दोन पावसाळ्यांत तुटतो.

सोलवर मात्र थोडं थांबतो, कारण तुम्ही लिहिलंय की आधीचा कारखान्याचा बूट ‘फारसा न वापरता’ तळातून तुकडे होऊन पडला. तो बहुधा पीयू सोल होता. पॉलियुरेथेन हलकं आणि मऊ असतं, पण हवेतल्या दमटपणाने त्याच्या रासायनिक साखळ्या तुटत जातात. बूट वापरा किंवा कपाटात ठेवा, प्रक्रिया चालूच राहते. उलट कपाटात बंद ठेवलेले जोड जास्त लवकर जातात असं मला दिसतं. ‘नवा कोरा होता हो, लग्नात घातलेला, परत काढला तर भुगा’ हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. तुम्ही रबराचा सोल घ्या, शिवलेला, नुसता चिकटवलेला नको. वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेने फिरवलेल्या चामड्याच्या पट्टीवर, शिवला तर उत्तम, नाहीतर वरचं चामडं बाहेर वळवून सोलवर शिवतात ती पद्धतही कामाच्या बुटाला छान, शिवाय स्वस्त, आणि सोल झिजल्यावर बदलता येतो. रबर फार कडक नको. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आलं की कडक रबर साबणावर ठेवल्यासारखं घसरतं. नक्षी खोल हवी, पण फटी रुंद हव्यात. अरुंद फटींत तांबडी माती भरली की सोल गुळगुळीत झाल्यातच जमा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर कारागिराला असं कळवा: क्रोमचं, तेल-मेण मुरवलेलं, २ ते २.४ मिलिमीटर, उलटी बाजू बाहेर, चवड्याला अस्तर नाही, इनसोल आणि काउंटर सालीत कमावलेल्या चामड्याचं, पितळी खिळे, पॉलिएस्टर दोरा, शिवलेला रबरी सोल. तो म्हशीचंच देतो म्हणाला तर हरकत घेऊ नका, फक्त चवड्याचा तुकडा पाठीकडचा काप म्हणावं.

आता मापाकडे. माझ्या लेखी हा भाग चामड्यापेक्षा मोठा आहे, कारण चुकीचं चामडं दोन वर्षं चालतं आणि चुकीचं माप दोन तासही चालत नाही.

आपल्याकडचा नंबर हा ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी. ८ नंबरच्या फर्म्याची लांबी ११ इंच, म्हणजे सुमारे २७९ मिलिमीटर. ही फर्म्याची लांबी आहे, पावलाची नाही. पुढे बोटांना मोकळीक म्हणून फर्मा पावलापेक्षा १० ते १५ मिलिमीटर जास्त लांब असतो. युरोपातला ४२ जवळपास तोच, अमेरिकेतला ९ जवळपास तोच. म्हणून बाहेरच्या कंपनीचा बूट ९ बसला होता एवढं सांगून भागत नाही, कुठला ९ ते सांगावं लागतं.

नंबर एकने वाढला की चवड्याचा घेरही वाढतो, पण फक्त पाव इंच, ६ मिलिमीटरच्या आसपास. समजा तुमच्या चवड्याला ८ च्या फर्म्यापेक्षा १२ मिलिमीटर जास्त घेर हवाय. तो तुम्ही नंबर वाढवून मिळवायला गेलात तर १० पर्यंत जावं लागेल, आणि लांबी १७ मिलिमीटर जास्त होईल. ९ वर तुम्ही अर्ध्या वाटेत थांबता, म्हणून चवडाही नीट सुटत नाही आणि टाचही सैल. तिसरी गोष्ट याहून वाईट. लांब बुटाची वाकण्याची जागाही पुढे सरकते. पाय चवड्याच्या हाडाशी वाकतो आणि बूट त्याच्या पुढे वाकतो. दिवसभर उतारावर चाललं की पिंडऱ्या दुखतात त्या यानेच, आणि माणूस समजतो बूट जड आहे.

हा त्रास तुमच्या एकट्याचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लाखावर लोकांची पावलं मोजली, त्यात आपली पावलं युरोपीय पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. बाजारातले फर्मे मुळात त्यांच्या मापांवरचे. त्यात लहानपण अनवाणी गेलेलं असेल तर बोटं पंख्यासारखी पसरलेली असतात आणि टाच मात्र बारीक राहते. इकडचे बागायतदार, खलाशी, खाणकामगार यांच्यात मला हाच पाय सर्रास दिसतो. तुमचं वर्णनही तेच सांगतं.

म्हणून कारागिराला नंबर नको, मापं द्या. ती अशी घ्या.

संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहिल्यावर. सकाळचा पाय आणि सहाचा पाय यांत फरक असतो. कामाला जे मोजे घालता तेच घाला. जाड कागद फरशीवर ठेवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा, आणि रेघ दुसऱ्या कोणालातरी काढू द्या. स्वतः वाकून काढायला गेलात की भार पुढे जातो आणि पाऊल पसरतं. पेन्सिल अगदी उभी. आडवी झाली की बाहेरून जास्त किंवा आतून कमी, दोन्हीकडे मिळून सहज ५ मिलिमीटरचा घोळ. दोन्ही पावलं काढा, कारण एक मोठं असतंच, आणि फर्मा मोठ्याला जुळवायचा.

रेघ झाली की पाय उचलायच्या आधी अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड आणि करंगळीच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड, या दोन जागी कागदावर खूण करा. बहुतेक लोक हे विसरतात. टाचेपासून या हाडांपर्यंतचं अंतर हेच खरं बुटाचं माप आहे. दोन माणसांची एकूण लांबी सारखी असते, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड. दोघांना एकच फर्मा दिला तर एकाचा बूट चुकीच्या जागी वाकणार.

मग शिंप्याची कापडी टेप. पहिला घेर या दोन हाडांवरून. दुसरा त्याच्या मागे, पावलाच्या मधल्या बारीक भागावर. तिसरा त्याहून मागे, जिथे पावलाची वरची बाजू सगळ्यात उंच आहे तिथे. चौथा टाचेच्या मागच्या खालच्या टोकापासून तिरका वर, घोट्याच्या पुढच्या वळणावरून फिरवून. हा घेर चुकला तर बुटात पाय शिरतच नाही किंवा टाच धरत नाही. पाचवा घोट्याच्या हाडाच्या वर, बुटाचं तोंड जिथे येईल तिथे. टेप मोज्याला टेकलेली हवी, रुतलेली नको. प्रत्येक घेराखाली कागदावर रेघ मारून आकडा तिथेच लिहा. वेगळ्या यादीत लिहिलेले आकडे डाव्या-उजव्याचे उलटे होतात. आणि कुठे कुरूप, जुनं हाड मोडलेलं, वाढलेलं नख अशी भानगड असेल तर तीही त्या जागी लिहा. लाजू नका, आम्ही दिवसभर पायच बघतो.

हा कागद कुरियरने पाठवा. मोबाइलवर फोटो काढून पाठवला की कॅमेरा थोडा तिरका झाला तरी माप बदलतं. फोटोच पाठवायचा असेल तर कागदावर पट्टीने १० सेंटिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ काढून ठेवा, म्हणजे समोरच्याला ताळा करता येईल.

‘चामडं नंतर सैल होईल, आत्ता तंग घ्या’ असं कोणी म्हणालं तर अर्धं ऐका. चामडं रुंदीला ताण देतं, चवड्यावर काही मिलिमीटर, म्हशीचं जरा जास्त. लांबीला देत नाही. त्यामुळे चवड्यावर मिठी मारल्यासारखा वाटणारा बूट घ्यायला हरकत नाही, पण बोटं पुढे टेकत असतील तर ती कायम टेकतील. तुमच्या बागेला उतार आहे. उतरताना पाय पुढे सरकतो, म्हणून अंगठ्यापुढे १२ ते १५ मिलिमीटर मोकळीक सांगा, शहरात चालणाऱ्याला मी १० देतो.

कारागिराला एक गोष्ट मात्र आग्रहाने विचारा: सोल लावायच्या आधी कच्चा बूट घालून बघता येईल का. साध्या स्वस्त चामड्यात शिवलेला, तात्पुरता. त्याचे वेगळे पैसे मागेल, द्या. फर्म्यावर कुठे चामड्याचा तुकडा चिकटवून घेर वाढवायचा आणि टाचेला कुठे घासायचं, हे त्या एका खेपेत कळतं. तो ‘गरज नाही, नंबर सांगा, बसेल’ म्हणाला, तर तो तुमच्या मापाचा फर्मा तयार करणार नाही, दुकानात जो आहे त्यावरच ओढणार. मग तुम्ही शिलाईचे पैसे देऊन बाजाराचाच बूट घेताय.

पैशांबद्दल: वर सांगितलेलं सगळं केलं तर जोड महाग पडेल, कारखान्याच्या सेफ्टी बुटाच्या कित्येक पट. रक्कम सांगत नाही, कारण चामडं, शिलाईची पद्धत आणि कारागीर यांवर ती फार बदलते. पण एकाच भारी जोडाऐवजी थोडे साधे दोन जोड परवडत असतील, तर दोन घ्या आणि आलटून-पालटून घाला. पावसाळ्यात मला तरी यापेक्षा मोठी बचत माहीत नाही. वाळवताना सावली आणि वारा, चूल नको, गाडीच्या बॉनेटवर ऊन नको. खाडीच्या बाजूला गेलात किंवा घामाने पांढऱ्या रेघा उमटल्या तर आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. मेणाचा हात मिरगाच्या आधी एकदा आणि श्रावणात एकदा. पावसाच्या तोंडावर खोबरेल चोपडू नका, बुरशीला ते खाद्यच होतं, आणि जास्त झालं की चामडं फोपशासारखं मऊ पडतं.

बूट हातात आल्यावर घरातल्या फरशीवर चालून पसंत करू नका. मोजे घालून, नाड्या पूर्ण बांधून, एखाद्या उतारावर खाली-वर चाला. फरशी सगळे बूट बसवते. चढताना टाच थोडी उचलली गेली, अर्ध्या बोटाच्या रुंदीइतकी, तर चालेल, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. उतरताना अंगठा पुढे आपटला तर पैसे चुकते करू नका, परत पाठवा. आणि चवड्यावरची घडी बरोबर तुमच्या त्या दोन हाडांच्या रेषेत पडते का ते बघा. घडी पुढे पडली असेल तर कारागिराने कागदावरच्या खुणा न बघता फर्मा निवडलाय, आणि ते त्याला कागद समोर ठेवूनच दाखवता येईल, म्हणून पाठवण्याआधी कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवा.